माझा भाऊ फिल्टरवर आहे

नाशिकला जलशुद्धीकरण केंद्राला कुणी जलशुद्धीकरण केंद्र म्हणत नाही, फिल्टर म्हणतात. 'फिल्टरवर नोकरीला आहे', 'फिल्टरच्या मागच्या गल्लीत राहतात', असं. माझा मोठा भाऊ निवृत्त होईपर्यंत अशाच एका फिल्टरवर, तिथल्या प्रयोगशाळेत होता. त्यामुळे पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायला कुणी दारात आलं, की मी त्याला उंबऱ्यावरूनच सांगायची, "आमच्याकडे फिल्टर नको. माझा भाऊच फिल्टरवर आहे." त्या बिचाऱ्याला यातलं काही कळायचं नाही आणि मला त्याचीच गंमत वाटायची. यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, दोनदा तसलं यंत्र घ्यायचं काढलं. दोन्ही वेळा मी असा काही चेहरा केला, की तिसऱ्यांदा त्यांनी विषय काढला नाही. सख्ख्या भावाच्या हाताखालून आलेलं पाणी घरात पुन्हा गाळायचं म्हणजे मला त्याचा अपमान वाटायचा.

माझा स्वभाव आधीच सांगून टाकते. मी तोंडाची फटकळ आहे, आणि एकदा एखाद्याच्या बाजूनं उभी राहिले की त्याच्या चुकांच्या बाजूनंही उभी राहते. दादाच्या बाजूनं तर मी लहानपणापासून उभी होते.

पावसाळा लागला की धरणात नवं पाणी येतं. डोंगरावरची माती, पालापाचोळा, कुजलेलं गवत, सगळं सोबत घेऊन येतं. मग फिल्टरवर क्लोरीन वाढवतात, आणि सकाळी नळ आला की मोरीत तरणतलावावर येतो तसा वास पसरतो. कॉलनीतल्या बायका कुरकुर करायच्या. चहाला वास, वरणाला वास, तोंड धुतलं तरी वास. मी त्यांना गप्प करायची. "वास येतोय म्हणजे तिकडे कुणीतरी जागं आहे," हे दादाचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकवलं होतं, की शेजारच्या काकू ते माझंच समजायच्या. मीही त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही.

दादानं मला एक छोटी बाटली आणि काचेची एक नळी दिली होती. नळीत नळाचं पाणी घ्यायचं, वरून बाटलीतले थेंब टाकायचे. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. पाण्याच्या खात्यात या तपासणीला सगळे 'ओटी' म्हणतात. त्या औषधाच्या लांबलचक इंग्रजी नावाची ती दोन अक्षरं आहेत. पण बायकांच्या कानाला ओटी म्हणजे एकच, खणा-नारळाची. "आम्ही बायका ओटी भरतो आणि आमचा दादा ओटी करतो," असं मी त्याला चिडवायची आणि तोही हसायचा. माझी मुलगी शाळेत असताना ही ओटी करायला पुढे पुढे असायची. नळी उजेडाकडे धरून ओरडायची, "आई, पिवळं!"

माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती, की जितकं जास्त पिवळं तितकं पाणी चांगलं. रंग फिकट आला की मी दादाला फोन करून विचारायची, आज हात आखडता घेतलात की काय. एखाद्या दिवशी हळदीसारखा रंग आला, तर ती नळी खिडकीत ठेवून द्यायची, शेजारणींना दिसेल अशी. दादाला हे सगळं माहीत होतं. फिकटच पुरे असतं आणि गडद म्हणजे जास्त झालं, हे त्यानं मला एकदाही सांगितलं नाही. कौतुक कुणाला नको असतं, असं आता वाटतं.

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात माझ्या मुलीला पहिल्यांदा दिवस गेले. ती पुण्याला असते. उलट्यांनी इतकी हैराण झाली, की जुलैमध्ये मी तिला माहेरी घेऊन आले. योगायोग असा, की त्याच सुमाराला दादाच्या सुनेलाही दिवस गेले होते. दोघींमध्ये जेमतेम तीन आठवड्यांचं अंतर. मी आणि वहिनी फोनवर तासन्तास बोलायचो. कुणाला आंबट चालतंय, कुणाला फोडणीचा वास सोसत नाही. दोन्ही नातवंडं एका वर्गात जाणार, असं आम्ही ठरवूनही टाकलं होतं.

मुलगी आल्या दिवसापासून एकच म्हणत होती. "आई, पाण्याला वास येतोय गं. घशाखाली उतरत नाही." दिवसांत बायकांचं नाक तिखट होतं, हे कुणाला सांगायला नको. मी लिंबू पिळून दिलं, वाळा घालून दिला. मग एके दिवशी ती फोन घेऊन स्वयंपाकघरात आली. तिनं वाचलं होतं, की पाण्यातल्या कुजक्या पाल्याशी क्लोरीनची गाठ पडली की त्यातून आणखी काही घटक तयार होतात, आणि पोटुशा बायकांनी ते फार दिवस घेऊ नयेत असं काही जाणकारांना वाटतं. खात्रीनं कुणीच सांगत नाही, हेही तिनंच वाचून दाखवलं. मी म्हटलं, "थांब, तुझ्या मामालाच विचारू." फोन लावला आणि आवाज मोठा करून ओट्यावर ठेवला.

"मामा, हे खरं आहे का?"

"अगं, त्या फोनवर काय वाटेल ते येतं. इतकी वर्षं सगळं नाशिक पितंय. तू बिनधास्त पी."

मी तिच्याकडे बघितलं, झालं ना समाधान, अशा अर्थानं. ती प्यायली. रात्री तिची कंबर धरायची, म्हणून संध्याकाळी मी तिला कढत पाण्यानं न्हाऊ घालायची. वारं लागू नये म्हणून बाथरूमची खिडकी घट्ट लावून घ्यायची. वाफेत ती खोकायची आणि मी म्हणायची, अंग मोकळं होतंय.

तिसऱ्या महिन्यात आमच्याकडे चोरओटी भरतात. गाजावाजा करायचा नाही, चार बायका बोलवायच्या नाहीत. आईनं गुपचूप खण, तांदूळ, नारळ ओटीत घालायचे. मी हिरवा खण आणला होता. आणि मला मेलीला गंमत सुचली. सकाळी केलेली तपासणीची पिवळी नळी मी ताटात नारळाशेजारी ठेवली आणि म्हटलं, "ही घे, मामाकडची ओटी." मुलगी हसली. नंतरच्या आठवड्यात सगळं संपलं.

डॉक्टर म्हणाल्या, पहिल्या तीन महिन्यांत असं बऱ्याच जणींचं होतं, कारण सापडतंच असं नाही, तुमचं काही चुकलेलं नाही. पाण्याचं नाव कुणी काढलं नाही. आजही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, की ते पाण्यामुळे झालं. तसं असेल असंही नाही आणि नसेल असंही नाही. मुलगी आठ दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होती, मग पुण्याला गेली. दादाच्या सुनेला मार्चमध्ये मुलगा झाला. बारशाला मी गेले, पाळणा म्हटला, आणि घरी येऊन पोटभर रडले. दादाचा राग तेव्हा मनातही नव्हता.

यंदा त्या नातवाचा दुसरा वाढदिवस झाला. मी सकाळपासूनच वहिनीच्या मदतीला गेले होते. पुऱ्या लाटून झाल्या, पिठाचे हात धुतले आणि घासणी शोधायला सिंकखालचं कपाट उघडलं. आत भिंतीला एक पांढरी उभी नळकांडी लावलेली होती. नळाचं पाणी तिच्यातून जाऊन वरच्या तोटीला येत होतं. त्यावर पांढऱ्या चिकटपट्टीवर बॉलपेननं तारखा लिहिल्या होत्या. अक्षर दादाचं. प्रयोगशाळेत उभी हयात गेलेला माणूस, लोणच्याच्या बरणीवरसुद्धा तारीख टाकतो. आतला कोळसा केव्हा केव्हा बदलला, ते ओळीनं लिहिलं होतं. सगळ्यात वर होतं 'बसवला', आणि पुढे त्या वर्षीच्या जुलैतली तारीख.

मी तिथेच फरशीवर बसले. वहिनीला वाटलं मला चक्कर आली. तिनं पाणी आणून दिलं, त्याच तोटीचं.

"हे काय आहे, वहिनी?"

"ते होय? कोळशाचा फिल्टर आहे, वन्सं. सूनबाईला दिवस गेले ना, तेव्हाच यांनी बसवून घेतला. म्हणाले, पावसाळ्याचं पाणी आहे, हिला नळाचं सरळ देऊ नका. बाथरूममध्येपण आहे एक. का हो? तुमच्याकडे नाही बसवला?"

वहिनी भोळी आहे. तिनं विचारलं त्यात काही खोच नव्हती. मी तारीख पुन्हा वाचली. त्या दिवसांतली एकेक तारीख मला पाठ आहे. माझ्या घरच्या ओट्यावरून त्याचा आवाज 'बिनधास्त पी' म्हणाला, त्याच्या चार दिवस आधीची होती.

दादा गॅलरीत फुगे बांधत होता. मी त्याला आत बोलावलं नाही, गॅलरीचं दार मागे ओढून घेतलं आणि विचारलं, "कपाटात काय बसवलंयस?" त्याच्या हातातला दोरा तसाच राहिला. त्याला एका क्षणात सगळं कळलं, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं. म्हणजे गेली तीन वर्षं तो या प्रश्नाची वाट बघत होता.

मग तो बोलायला लागला. शिकवल्यासारखं, शांतपणे, जसा तो नेहमी बोलतो. पाण्यात कुजलेला पाला असतो. क्लोरीन जंतू मारतं, पण त्या पाल्याशीही त्याची क्रिया होते आणि त्यातून क्लोरोफॉर्मच्या घराण्यातली द्रव्यं तयार होतात. थोडी असतात. वर्षानुवर्षं पोटात गेली तर मूत्राशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, असं संशोधक म्हणतात. गर्भाचं म्हणशील तर शंका आहे, पुरावा पक्का नाही. कढत पाण्याच्या वाफेतून ती श्वासातही जातात. "माझं काम क्लोरीन आणि गढूळपणा बघायचं होतं. हे माझ्या टेबलावर नव्हतंच. आपल्या पाण्यात ते प्रमाणाबाहेर होतं असं मी म्हणत नाही. मला माहीतच नव्हतं. माहीत नव्हतं म्हणून तर बसवला."

वाफेचं ऐकलं आणि मला आमची बंद खिडकी आठवली.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुझं तोंड मला माहीत आहे," तो म्हणाला. "तुला सकाळी सांगितलं असतं, तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या कॉलनीनं नळाचं पाणी सोडून बोअरचं प्यायला घेतलं असतं. आणि सांगणार कोण, तर फिल्टरवाल्याची बहीण."

मग त्यानं हरसूलच्या पुढच्या एका पाड्याचं सांगितलं. नोकरीच्या अगदी सुरुवातीला तो त्या बाजूला होता. विहिरीत पावडर टाकली की वास येतो म्हणून लोक ओरडायचे. "लय वास मारतं साहेब, ढोरं बी पीत नाय," असं म्हणायचे. पावडर टाकणारा माणूस गावातलाच. त्यानं कटकट नको म्हणून पावडर टाकायची बंद केली. पंधरा दिवसांत जुलाब-उलट्यांनी घरंच्या घरं आडवी झाली. दादानं एका बाईला जीपमधून दवाखान्यात नेलं होतं, तिच्या मांडीवर पोर होतं. दवाखाना येईपर्यंत ते राहिलं नाही. "क्लोरीन वाईट आहे असं मी माझ्या तोंडानं कुणाला सांगणार नाही," तो म्हणाला. "कधीच नाही."

हे त्यानं मला आधी कधी सांगितलं नव्हतं. तो खोटं बोलत नव्हता. क्लोरीन नसेल तर काय होतं ते मलाही समजतं, मी काही अडाणी नाही. एरवी मी त्याच्यासाठी कळवळले असते. पण त्या क्षणी मला एवढंच दिसत होतं, की त्या बाईचं पोर त्याला सुनेच्या वेळी आठवलं नाही, माझ्या मुलीच्या वेळी बरोबर आठवलं.

"दादा, मी कॉलनी नाहीये," मी म्हटलं. "मी तुझी बहीण आहे. मला बाजूला घेऊन सांगायचंस. फोन पुन्हा लावून सांगायचंस. उकळून दे, झाकण उघडं ठेवून दे, खिडकी उघड. एवढंच सांगायचंस. मी कुणाला बोलले नसते."

"बोलली असतीस," तो म्हणाला. मग खाली बघत, "शंका होती गं नुसती. शंकेपायी आपल्या घरात एक नळकांडी बसवता येते. दुसऱ्याच्या घरात भीती नाही घालता येत."

दुसऱ्याच्या घरात. तो बोलून गेला आणि त्याचं त्यालाच कळलं. मी पर्स उचलली आणि निघाले. नातू 'आत्याआजी, केक' करत जिन्यापर्यंत मागे आला, त्याचा गालगुच्चा घेतला, पण थांबले नाही. राखी यंदा मी पाठवली नाही. त्याचे फोन आले, यांनी घेतले. मी आयुष्यभर ज्या माणसाच्या नावावर लोकांशी भांडले, त्यानं मला शेजारणींच्या रांगेत बसवलं होतं. रडू येत नव्हतं, नुसता संताप येत होता. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, मी एकटीच त्याच्याशी मोठ्यानं भांडायची.

कॉलनीत मात्र मी यातलं एक अक्षर बोलले नाही, हेही लिहायला हवं. बोलण्यासारखं खूप होतं. पण बोलायला गेले की त्याचा पाडा आठवायचा. आमच्या घरी मी तसलाच कोळशाचा फिल्टर बसवून घेतला. बसवणाऱ्या माणसाला यांनी चहा दिला आणि माझ्याकडे बघून काही बोलले नाहीत, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

घाईचं कारण होतं. माझ्या मुलीला पुन्हा दिवस गेले होते. पाचवा महिना सरत आला होता आणि सातव्यात तिनं बाळंतपणाला माहेरी यावं, असं मी धरूनच चालले होते. तिचं मात्र 'बघू', 'इथली डॉक्टर चांगली आहे', 'प्रवास नको म्हणतात' असं चालू होतं. मला वाटायचं, मागच्या वेळच्या आठवणीनं तिला ते घर नको झालं असेल. आता तिला सगळं सांगावं, मामाचंही सांगावं, आणि फिल्टर बसवलाय, निर्धास्त ये म्हणावं, असं ठरवून मी पुण्याची बस पकडली. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

ती सोफ्यावर पाय वर घेऊन मटार सोलत होती. मी तिच्यासमोर खाली बसले, एक मूठ शेंगा माझ्याकडे ओढल्या आणि सांगितलं. कपाट, तारीख, वाफ, पाडा, सगळं. काही लपवलं नाही. सांगता सांगता माझाच आवाज चढला. "सख्खा मामा! स्वतःच्या सुनेला एक आणि तुला एक!" मला वाटलं ती पेटून उठेल. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. आम्ही दोघी मिळून त्याला शिव्या घातल्या असत्या आणि मला जरा हलकं वाटलं असतं.

ती सोलत राहिली. वाटी भरली तेव्हा म्हणाली, "मामाचं कळलं."

"नुसतं कळलं काय?"

"मग काय म्हणू? मामा तुला बोलला नाही, म्हणून तू चिडलीस. बरोबर आहे तुझं. पण आई, मी तुला बोलले होते. रोज बोलत होते. तू ग्लास माझ्या हातात दिलास आणि तो रिकामा होईपर्यंत समोर उभी राहिलीस. रोज. मी मोरीत ओतू नये म्हणून."

हे मी वर लिहिलं नाही. 'ती प्यायली' एवढंच लिहिलं. लिहिताना मला ते आठवलं नव्हतं असं नाही.

"तुला मामा खरा वाटला," ती म्हणाली. "मी नाही."

आमच्या घरात आई मुलीची माफी मागत नाही. माझ्या आईनं माझी कधी मागितली नाही. पण मी मटार खाली ठेवले, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "माझं चुकलं गं. माफ कर मला." आणि थांबले. जाऊ दे गं आई, असं ती म्हणेल म्हणून थांबले. माझी मुलगी मनानं मऊ आहे, भांडण तिला अर्धा तास टिकवता येत नाही.

ती माझ्या हाताकडे बघत होती. "हो," म्हणाली. "चुकलं."

मग उठली आणि मटारची वाटी घेऊन आत गेली. बाळंतपण पुण्यालाच करायचं नक्की झालं आहे. तिच्या सासूबाईंनी मला फोन करून आग्रहानं सांगितलं, की बाराव्या दिवशी बारशाला तुम्ही नक्की या.